शिखरापासून पाच फूट

२५ मे १९५५ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास जॉर्ज बँड आणि जो ब्राऊन हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक कांचनजंगेच्या माथ्याजवळ पोहोचले. जगातील तिसऱ्या क्रमांकाचे हे शिखर, उंची ८,५८६ मीटर. तोपर्यंत ते कोणी सर केल्याची नोंद नव्हती. माथ्याच्या थोडे अलीकडे खडकाची एक उभी भिंत आडवी आली. तिच्यातील चिरेत हातपाय रोवून ब्राऊन वर चढला, त्याच्यामागून बँड आला. आता त्यांच्यापुढे वीसेक फुटांवर, आणि ते उभे होते त्या जागेपेक्षा जेमतेम पाच फूट उंच, बर्फाचा एक सौम्य उंचवटा होता. तेच शिखर. ते दोघे तेथेच थांबले, छायाचित्रे घेतली आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीदर आले. तेही तेथेच थांबले.

कारण असे की, मोहिमेचे नेते डॉ. चार्ल्स इव्हान्स यांनी सिक्कीमला शब्द दिला होता. ज्या ठिकाणी शिखर हाती आल्याची खात्री पटेल त्या ठिकाणी आम्ही थांबू आणि माथ्यावर पाऊल ठेवणार नाही, असा तो शब्द. सिक्कीममधील लोकांच्या श्रद्धेनुसार त्या पर्वतावर त्यांच्या भूमीचा रक्षणकर्ता वास करतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मोहीम नेपाळच्या बाजूने, यालुंग हिमनदीवरून गेली होती आणि तिला परवानगी नेपाळ सरकारची होती. सिक्कीमच्या चोग्यालांचा त्या वाटेवर कायद्याने काहीच अधिकार चालत नव्हता. त्यांनी आक्षेप घेतला, इतकेच. तो आक्षेप बाजूला सारून पुढे जाणे इव्हान्स यांना अगदी सहज शक्य होते.

मराठीत आपण या पर्वताला पुष्कळदा ‘कांचनगंगा’ म्हणतो. नाव गोड आहे, पण गंगेचा येथे काही संबंध नाही. मूळ तिबेटी नावाचा अर्थ ‘हिमाचे पाच खजिने’ असा सांगतात. लेपचा लोकांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे आदिपुरुष आणि आदिस्त्री याच पर्वताच्या निर्मळ बर्फातून घडवले गेले. मातीच्या गोळ्यातून आदामाला घडवणाऱ्या देवाची कथा लहानपणापासून ऐकलेल्या आपल्यासारख्यांना ही कल्पना फार परकी वाटू नये. ‘पांग ल्हाबसोल’ या सणाला सिक्कीममध्ये या पर्वताची पूजा होते, मुखवटे घालून नृत्य होते. लेपचा आणि भुतिया या दोन जमातींच्या प्रमुखांनी काबी लुंगचोक येथे रक्ताच्या साक्षीने बंधुत्वाची जी शपथ घेतली, तिचे स्मरणही त्याच दिवशी करतात. त्या शपथेचा साक्षीदार हा पर्वत. याकोब आणि लाबान यांनी एकमेकांशी करार केला तेव्हा त्यांनीही दगडांची रास रचून तिला साक्षीदार केले होते, हे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो.

१९७७ साली या पर्वताभोवतीचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला, १९९७ मध्ये त्याचा विस्तार झाला आणि आज त्याचे क्षेत्र १,७८४ चौरस किलोमीटर आहे. हिमबिबट्या आणि लाल पांडा तेथे राहतात, सव्वीस किलोमीटर लांबीची झेमू हिमनदी तेथे आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर असा दर्जा मिळालेले भारतातील ते पहिले स्थळ. एकूण काय, त्या पर्वतावरची श्रद्धा हीसुद्धा जतन करण्याजोगी गोष्ट आहे हे आता जगानेही मान्य केले आहे. १९५५ साली असे कोणी म्हणत नव्हते.

ही कथा मी दृढीकरण संस्काराच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलामुलींना सांगितली. विषय होता दिलेला शब्द पाळण्याचा. कथा संपताच मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. मुलगा हुशार, आणि हुशार मुलांना शोभेल इतका उद्धटही. तो म्हणाला, “फादर, त्या डोंगरावर देव राहत नाही, हे आपल्याला माहीत आहे ना? मग जो नाहीच, त्याच्यासाठी थांबायचं कशाला? उलट ती मूर्तिपूजाच नाही का झाली?”

वर्गात हशा पिकला. मी त्याला काहीतरी उत्तर दिले. ते अपुरे होते. नंतर बरेच दिवस तो प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला, म्हणून हा लेख.

प्रश्नाची पहिली बाजू तशी सोपी आहे. शब्द डोंगराला दिलेला नव्हता, माणसांना दिलेला होता. ज्याला शब्द दिला त्याची श्रद्धा खरी की खोटी, यावर शब्दाचे बंधन अवलंबून नसते. यहोशवाच्या पुस्तकातील गिबोनकरांची हकिकत पाहा. फाटके बुधले आणि बुरसलेल्या भाकरी दाखवून, आम्ही फार दूरच्या देशातून आलो आहोत अशी थाप मारून त्या परधर्मी लोकांनी इस्राएलकडून अभयाची शपथ मिळवली. तीन दिवसांत कपट उघडकीला आले. तरीही वडीलधाऱ्यांनी ठरवले की शपथ ती शपथ. पुढे शौल राजाने ती मोडली आणि दाविदाच्या काळी देशाला तीन वर्षे दुष्काळ भोगावा लागला, असे शास्त्र सांगते. येथे तर कपटाने घेतलेला शब्दही पाळला गेला. सिक्कीमच्या लोकांनी कोणाला फसवले नव्हते.

संत ऑगस्टीन यांच्यापुढेही असा प्रश्न आला होता. पब्लिकोला नावाच्या एका ख्रिस्ती जमीनदाराने त्यांना पत्राने विचारले की, सीमेवरील परकीय टोळ्यांचे लोक आपल्या दैवतांच्या नावाने शपथ घेऊन पिकांची राखण पत्करतात. त्या शपथेवर विसंबून राहिल्याने आपण तर पापाचे धनी होत नाही ना? ऑगस्टीन यांच्या उत्तराचा आशय असा की, खोट्या देवाच्या नावाने खरी शपथ घेणाऱ्यापेक्षा खऱ्या देवाच्या नावाने खोटी शपथ घेणारा अधिक मोठा अपराधी होय. पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे पत्र आजही वाचणाऱ्याला चपराक देते. आपण कोणत्या देवाचे नाव घेतो यावर आपला सारा भर असतो. घेतलेल्या नावाला आपण जागतो का, हे विचारायचे आपण टाळतो.

तेव्हा शब्दापुरते उत्तर झाले. पण त्या मुलाच्या प्रश्नाला दुसरे टोक होते आणि ते मला अधिक टोचत होते. समजा, शब्द दिलेलाच नसता तर? दुसऱ्याला जे पवित्र वाटते आणि मला जे पवित्र वाटत नाही, त्यापुढे मी का थांबावे?

आपल्या ख्रिस्तसभेने या प्रश्नाला एकच एक उत्तर दिलेले नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. इ. स. ७२३ च्या सुमारास जर्मनीत गाइसमार येथे संत बॉनिफेस यांनी डोनार देवाचा पवित्र ओक वृक्ष कुऱ्हाडीने तोडला. वीज कोसळेल या भीतीने लोक पाहत राहिले. काहीच झाले नाही. त्याच लाकडातून संत पेत्राच्या नावाने एक छोटे प्रार्थनामंदिर उभे राहिले. आम्ही सेमिनरीत ही कथा मोठ्या अभिमानाने ऐकली. त्याच्याही आधी, ६०१ साली, पोप महान ग्रेगरी यांनी इंग्लंडमधील मिशनऱ्यांना वेगळा सल्ला दिला होता. मूर्ती काढा, पण देवळे पाडू नका, त्यांत तीर्थ शिंपडून वेदी उभारा, म्हणजे लोक आपल्या ओळखीच्या जागी येत राहतील. बॉनिफेसपेक्षा हा मार्ग सौम्य खरा, तरी त्यातही दुसऱ्याची जागा आपलीशी करणे आहेच.

आणि दूर जर्मनीत कशाला जायचे? वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेली. १५६७ साली गोव्याच्या साष्टी भागात शेकडो देवळे जमीनदोस्त करण्यात आली. ज्यांनी ती पाडली त्यांना आपण देवाची सेवा करत आहोत असे मनापासून वाटत होते. त्यांच्या हेतूचा न्याय करणारा मी कोण? पण त्या देवळांत हात जोडणारे लोक कोण होते, हा विचार आपण क्वचितच करतो. त्यांतील कित्येक आपलेच पूर्वज होते. ओक वृक्षाच्या कथेत आपण नेहमी स्वतःला कुऱ्हाडीच्या बाजूला उभे करतो. आपल्या घराण्याचा इतिहास मात्र आपल्याला झाडाखाली उभे करतो.

संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तींना वाहिलेल्या मांसाचा प्रश्न हाताळला आहे. माझ्या मते त्या मुलाला द्यायचे खरे उत्तर तेथे आहे. पौल त्या मुलाचे म्हणणे आधी मान्य करतो. मूर्ती म्हणजे काही नव्हे, देव एकच आहे, तेव्हा ते मांस खाल्ले काय नि न खाल्ले काय, सारखेच. ज्ञानाच्या दृष्टीने हे बरोबर. पण नुसते ज्ञान माणसाला फुगवते आणि प्रीती त्याला घडवते, अशी त्याची धारणा आहे. म्हणून माझ्या खाण्याने माझ्या भावाच्या सदसद्विवेकाला इजा होत असेल, तर मी ते मांस कधीच खाणार नाही, असे तो ठरवतो. पौलाच्या मनात तो भाऊ ख्रिस्ती आहे, हे मला ठाऊक आहे. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्याला हे लागू करताना मी पौलाच्या एक पाऊल पुढे जात आहे. परंतु शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर प्रभू येशूने शोमरोनी माणसाचा दाखला सांगून दिलेले असल्यामुळे ते पाऊल मला धोक्याचे वाटत नाही. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही असे सांगितले, तेव्हा तेही याच दिशेचे पाऊल होते.

मूर्तिपूजेचा आरोप राहिला. थांबणे म्हणजे पूजा करणे नव्हे. बँड आणि ब्राऊन यांनी त्या माथ्याला धूप दाखवला नाही की नवस केला नाही. खुद्द आपल्या शास्त्रात एक पर्वत आहे, ज्याला हात लावायला परमेश्वराने बंदी केली होती. सीनायभोवती मर्यादा घाल, कोणी त्याच्या पायथ्यालाही स्पर्श करू नये, असे मोशेला सांगण्यात आले. सीनाय हा देव नव्हता. तरीही त्याच्याभोवती एक रेषा होती आणि त्या रेषेच्या अलीकडे उभे राहून इस्राएल भय म्हणजे काय, आदर म्हणजे काय ते शिकले. ज्या लोकांना अशी रेषा माहीत आहे त्यांना दुसऱ्याने आखलेली रेषा पाहून हसू येण्याचे कारण नाही.

डोंगर चढण्याला माझा विरोध आहे असा कोणी समज करून घेऊ नये. पोप अकरावे पायस हे आधी फादर आकिल्ले रात्ती असताना नाणावलेले गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी मॉन्टे रोझाचे अत्यंत बिकट पूर्वेकडील अंग चढून रात्र कड्यावर काढली होती. १९२३ मध्ये, पोप झाल्यावर, त्यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते घोषित केले. २०१९ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या दहा जणांनी नेपाळच्या बाजूने कांचनजंगा मोहीम यशस्वी केली, तेव्हा मलाही मराठी माणूस म्हणून आनंद झाला होता. मला बोलायचे आहे ते शेवटच्या पाच फुटांबद्दल.

त्या पाच फुटांत काय असते? उंचीच्या हिशेबात काहीच नाही. पर्वत चढून झालेला असतो, कौशल्य सिद्ध झालेले असते. उरलेली असते ती केवळ ‘हे माझे झाले’ असे म्हणण्याची मुभा. सैतानाने येशूला उंच डोंगरावर नेऊन जगातील सारी राज्ये दाखवली, तेव्हा त्याने देऊ केले ते हेच. आणि बँड-ब्राऊन यांच्यावर तेथे लक्ष ठेवायला कोणी नव्हते. शब्द देणारे इव्हान्स खाली होते. चार पावले टाकून मागे आले असते तर वाऱ्याने त्यांच्या खुणा तासाभरात पुसल्या असत्या. एकाने दिलेला शब्द दुसऱ्यांनी, कोणी पाहत नसताना पाळला. आपल्या घराघरांतून वडिलांनी दिलेल्या शब्दाचे मुले काय करतात हे वाचकांना ठाऊक आहे.

इव्हान्स यांच्याविषयी आणखी थोडे सांगावेसे वाटते. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक. २६ मे १९५३ रोजी, हिलरी आणि तेनझिंग यांच्या तीन दिवस आधी, ते आणि टॉम बोर्डिलन एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरापर्यंत गेले होते. मुख्य माथा तीनशे फुटांवर होता. प्राणवायू कमी पडत होता, दिवस कलला होता. ते परतले. दोन वर्षांनी कांचनजंगेवर नेते असूनही त्यांनी शेवटच्या टप्प्यासाठी दुसऱ्यांना पाठवले. मोहिमेवरील आपल्या पुस्तकाला त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ ‘पाऊल न पडलेले शिखर’ असा होतो. पहिल्या चढाईच्या ग्रंथाला असे नाव द्यायला मन मोठे लागते.

नंतरच्या अनेक पथकांनी हा संकेत पाळला, सर्वांनी नाही. २००० साली एका परदेशी पथकाला सिक्कीमच्या बाजूने चढाईची परवानगी मिळाली, त्यावर तेथील लोकांनी तीव्र निषेध केला आणि २००१ मध्ये राज्य सरकारने आपल्या हद्दीतून या शिखराच्या चढाईवर बंदी घातली. बंदी योग्यच म्हणावी लागेल. तरी एक गोष्ट मला खटकते. कायद्याने थांबवलेला माणूस आणि शब्दासाठी थांबलेला माणूस दुरून सारखेच दिसतात, आणि कायदा आला की शब्दाची गरज संपली असे आपण समजू लागतो. त्याच राज्यात त्याच पर्वताच्या पाण्यावर जलविद्युत प्रकल्पांची रांग लागली. रथोंग चू नदीवरील प्रकल्प लोकांच्या विरोधामुळे १९९७ साली सोडून द्यावा लागला, कारण ती नदीही त्यांना पवित्र होती. झोंगूच्या लेपचा तरुणांनी २००७ साली तिस्ता खोऱ्यातील प्रकल्पांविरुद्ध दीर्घ उपोषण केले. तरीही चुंगथांग येथे १,२०० मेगावॉटचा तिस्ता-३ प्रकल्प झालाच. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले आणि त्या लोंढ्याने ते धरण वाहून नेले. अनेकांचे प्राण गेले. हा पर्वतदेवाचा कोप होता असे मी म्हणणार नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून जे मेले ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असे विचारून प्रभूने अशा बोलण्याला आधीच आळा घातला आहे. पण माथ्यावर बूट पडू नये म्हणून कायदा करायचा आणि त्याच्या कुशीतील पाणी अडवताना तेथील माणसांचे ऐकायचे नाही, याला आदर म्हणता येत नाही.

हे लिहिताना सिक्कीमकडे बोट दाखवणे मला सोपे जात आहे, हे माझ्या ध्यानात आहे. म्हणून एक गोष्ट सांगतो.

२००० हे जयंती वर्ष होते. मी नुकताच धर्मगुरू झालो होतो आणि सहायक म्हणून एका धर्मग्रामात काम करत होतो. गावामागे एक टेकडी होती. उपवासकाळात तेथे क्रूसाची वाट करावी आणि माथ्यावर क्रूस उभारावा, अशी तरुण मंडळींची इच्छा होती. माथ्यावर वारली बांधवांचा वाघोबा होता, शेंदूर फासलेला एक दगड. कोणी तरी शंका काढली, तेव्हा करिंथकरांस पत्रातील अर्धेच वाक्य मला आठवले: मूर्ती म्हणजे काही नव्हे. मी ते मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. आम्ही वाघोबाला हात लावला नाही. त्याच्यापासून वीसेक फुटांवर, थोड्या उंचवट्यावर, क्रूस उभा केला. कोणीही भांडायला आले नाही. गुरे चारणारा एक म्हातारा वारली तेवढा लांब उभा राहून सारे पाहत होता. आम्ही उतरू लागलो तेव्हा तो जवळ आला आणि म्हणाला, “फादर, आम्ही यायचं ना आता इथं?”

“याना, बाबा, खुशाल या,” मी म्हणालो, आणि आपण किती उदार आहोत याचे समाधान मानत खाली आलो.

कांचनजंगेची हकिकत बऱ्याच वर्षांनी वाचनात आली. तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आले की तो म्हातारा त्याच्याच देवाकडे जाण्यासाठी माझी परवानगी मागत होता, आणि मी ती दिली होती.

त्या वर्गातील मुलाला मी हे सांगितले. तो हसला नाही. त्याने विचारले, “मग क्रूस काढणार का, फादर?” मी म्हटले, आता तेथे पंचवीस वर्षे लोक प्रार्थना करत आहेत. कित्येकांनी तेथे आपल्या मेलेल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावल्या आहेत. ती जागा आता त्यांनाही पवित्र आहे, आणि तो क्रूस मलाही पवित्र आहे. तो म्हणाला, “म्हणजे नाही.” मी म्हटले, मला माहीत नाही.

गेल्या उपवासकाळात मी मुद्दाम तेथे गेलो होतो. म्हातारा केव्हाच वारला असणार. क्रूसाला नवा रंग दिलेला होता आणि वाघोबापुढे ताजा शेंदूर व फोडलेल्या नारळाची करवंटी होती. मी तेथील धर्मगुरूंना विचारले, वारली मंडळी येतात तेव्हा तुमची त्यांची गाठ पडते का? ते म्हणाले, ते लोक सकाळी फार लवकर येऊन जातात, आपली माणसे यायच्या आधी.